डिस्चार्ज बुकातली तारीख

जबाब
दि. ११/१२/२०२५, सकाळी ११.२० वा.

नाव – सौ. वेणू कमलाकर घरत, वय ५८ वर्षे, शिक्षण – चौथी, धंदा – सुकी मासळी विक्री (कामोठे मार्केट), रा. ओवे गाव, ता. पनवेल, जि. रायगड.

मी समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी पती, मुलगा व सून दिपा यांच्यासोबत राहते. आज मला पोलिसांनी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी आले आहे. ठाण्यातील साहेबांनी, तुमचा जबाब लागत नाही, घरी जा, असे दोनदा सांगितले. मी गेले नाही, म्हणून महिला पोलीस हवालदार किशोरी ठोंबरे या माझा जबाब लिहून घेत आहेत.

माझे पती कमलाकर घरत हे सन १९८२ ते २००४ लष्करात नोकरीस होते व हवालदार म्हणून निवृत्त झाले. सन १९८७ मध्ये त्यांची पलटण शांतिसेनेसोबत श्रीलंकेत होती. तेथे सुरुंगाचा तुकडा लागून त्यांचा डावा खांदा जायबंदी झाला. तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही. आमच्या घरी कपडे वाळत घालायची दोरी त्यामुळे खाली बांधलेली आहे. त्यांना चार पदके मिळाली. जखमी सैनिकाला मिळते ते पदक मात्र मिळाले नाही, कारण इस्पितळाचे कागद पलटणीत वेळेवर पोहोचले नाहीत, असे ते सांगतात. निवृत्तीच्या वेळी सरकारने त्यांना डिस्चार्ज बुक दिले. सैनिकाची सगळी नोकरी त्या बुकात असते. त्यात एका पानावर या जखमेची एक ओळ व तारीख शाईने लिहिलेली होती. नोकरीच्या कागदांत जखमेचा तेवढाच पुरावा.

इतकी वर्षे त्यांनी पदक मागितले नाही. मी मागायला सांगितले की म्हणायचे, "जीव आणला ना घरी, मग बास." परंतु यावर्षी २६ जानेवारीला गावात झेंडावंदनाला ते पदके लावून गेले असता शिवा भोईर नावाचा इसम चार लोकांत म्हणाला, "जखमेचा बिल्ला कंचा यातला? नाय ना? मंग खांदा कुठं पडून मोडला काय?" लोक हसले. माझ्या पतींनी घरी येऊन पदके काढून ठेवली आणि ते जेवलेही नाहीत. तो शिवा आमच्याकडून बोंबील उधार नेतो. त्याला त्या दिवसापासून मी काहीही देत नाही, हेही लिहावे.

त्यानंतर फेब्रुवारीत पतींनी नोंद दुरुस्त होऊन पदक मिळावे म्हणून लष्कराच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज केला. ऑगस्टमध्ये कार्यालयाने मूळ डिस्चार्ज बुक मागवले, ते पतींनी स्वतः पोस्टाने पाठवले. गेल्या महिन्यात उत्तर आले. अर्जात जखमेची तारीख २४ ऑक्टोबर १९८७ आहे, बुकात २ नोव्हेंबर १९८७ आहे, व बुकातील तारीख मागाहून गिरवलेली दिसते, सबब पोलिसांमार्फत चौकशी व्हावी, असे त्यात लिहिले आहे. दि. ९ रोजी पतींना येथे बोलावले. 'तारीख मीच गिरवली, घरातील कोणाचाही यात संबंध नाही,' असा जबाब त्यांनी दिला. ही गोष्ट मला सून दिपा हिने सांगितली. ती त्यांच्यासोबत आली होती.

तो जबाब खोटा आहे. माझ्या लग्नाला चाळीस वर्षे झाली. हा माणूस दुकानदाराने चुकून जास्त मोड दिली तर उन्हातून परत देऊन येतो. तो सरकारी कागदात खाडाखोड करील, हे मानायला मी तयार नाही. ती तारीख मी गिरवली आहे.

कशी, ते सांगते. आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. सासरे कोयता, विळा, नांगराचा फाळ मांडत. जमीन गेली, फाळ गेला. पती निवृत्त होऊन आले त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "फौजी मानूस घरात हाय न पाटावर हत्यार नाय, ह्ये बरं दिसत नाय." बंदूक तर सरकारजमा. म्हणून सासूबाईंनी पाटावर चार पदके मांडली आणि डिस्चार्ज बुक ठेवले. सासूबाई गेल्यावर पूजा माझ्याकडे आली. मी बुक मिटलेले ठेवत नसे. पतींनी एकदा बोट ठेवून दाखवलेले जखमेचे पान उघडून ठेवत असे. बाकी पाने सरकारची, तेवढी एक ओळ आमच्या घरची, असे मला वाटे. दरवर्षी त्याच ओळीवर मी ओली हळद, ओले कुंकू वाहिले, अक्षता टाकल्या. पदकांच्या फिती पिवळ्या झाल्या तरी पतींनी कधी हटकले नाही. पूजा करताना ते शेजारी उभे राहत.

दि. २३/१०/२०२३ रोजी खंडेनवमीला पान उघडताना ते पाठीमागच्या पानाला चिकटलेले होते. ओल्या फडक्याने सोडवायला गेले तर तारखेची शाई कुंकवासकट फडक्यावर आली. बाकी ओळ पुसट पण शिल्लक होती, तारीख गेली. करायला गेले काय आणि वर झाले पाय, अशी गत झाली. पती तेव्हा वाण्याकडे नारळ आणायला गेले होते.

मला इंग्रजी येत नाही. परंतु ते जखमी झाल्याची तेव्हा आलेली तार माझ्या ट्रंकेत होती. तिच्यावर पोस्टाचा गोल शिक्का आहे व त्यात तारीख आहे. सरकारी कागदाला सरकारी कागदाचाच आधार घ्यावा, म्हणून ती तार समोर ठेवून शिक्क्यातली तारीख मी अक्षर न अक्षर पाहून बुकात काढली, रांगोळी काढतात तशी. जखमेचा दिवस तोच, याबद्दल मला शंका नव्हती. गावातल्या गुरुजींनी ओट्यावर उभे राहून तार वाचली, "तुमचा नवरा जखमी, प्रकृती ठीक." पुढचे मला ऐकू आले नव्हते, गुरुजींनी परत वाचले. माझ्या हातात तुळशीच्या लग्नासाठी तोडून आणलेला ऊस होता. माझ्यासाठी ते त्या दिवशी जखमी झाले. मी ही गोष्ट पतींना सांगितली नाही. भीती वाटली. त्या दिवशी व पुढच्या वर्षीही पाटावर बुक मिटलेलेच ठेवले.

खरी तारीख काय, हे त्यांनी मला अडतीस वर्षांत कधीही सांगितले नाही. मी विचारले की म्हणायचे, "लढाईत तारखा कोण बघतं." परवा रात्री दिपाने कार्यालयाचे पत्र मला वाचून दाखवले, तेव्हा २४ ऑक्टोबर हे मी पहिल्यांदा ऐकले. दिपाने मोबाईलवर जुने पंचांग काढले, पाहिले आणि मोबाईल पालथा ठेवला. मी दरडावून विचारले तेव्हा म्हणाली, "आई, त्या दिवशी भाऊबीज होती."

त्या भाऊबिजेला मी कामोठ्याला माझ्या भावाकडे होते. नवीन साडी नेसले होते. भावाला ओवाळले, दुपारी वहिनीबरोबर फुगड्या घातल्या, करंज्या खाल्ल्या. तार येईपर्यंतचे नऊ दिवस मी हसतखेळत होते. ते मला कळू नये म्हणून हा माणूस गप्प राहिला. याहून जास्त मला या बाबतीत सांगता येत नाही.

यावेळी हवालदार मॅडमनी थोडा वेळ लिहिणे थांबवले व मला पाणी दिले.

दुपारी १२.०५ च्या सुमारास माझे पती आत आले. दिपाने त्यांना फोन केला असावा. ते दारातूनच म्हणाले, "वेणू, ऊठ. माजा जबाब झाला हाय. तू कशाला मधी पडतेस?"

मी म्हणाले, "मी मधी नाय पडले. तुमी पडलात मधी. लिवलं मी न शिक्षा तुमी घेणार?"

मॅडमनी त्यांना बाहेर थांबण्यास सांगितले. ते थांबले नाहीत. मॅडमनी त्यांना विचारले की, तारीख तुम्ही गिरवली नाही, मग ती गिरवलेली आहे हे तुम्हाला केव्हा समजले? ते म्हणाले की, ऑगस्टमध्ये बुक पाठवताना पाहिले, आणि ती तारेच्या शिक्क्यातली तारीख आहे हे पाहून कोणी काढली ते लगेच ओळखले.

मी विचारले, "मंग मला इचारलं का नाय? चुकीचं जातंय ठाऊक होतं तर पाठवलं कशाला?"

ते म्हणाले, "इचारलं असतं तर खरी तारीख सांगाया लागली असती."

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. निवृत्त होऊन एकवीस वर्षे झाली तरी वर्दीसमोर ते बसत नाहीत. त्यांना मी इतकी रडवेली आणि इतकी रागावलेली दोन्ही एकदम कधी दिसले नसेन. मी त्यांना सर्वांसमक्ष मूर्ख म्हणाले. तेही लिहावे.

माझे म्हणणे इतकेच आहे की, तारीख मी बिघडवली, म्हणून जखम खोटी होत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? कार्यालयाने त्यांना शर्ट काढायला सांगून खांदा पाहावा. इस्पितळाच्या जुन्या नोंदी काढून पाहाव्यात. मूळ तार मी आज सोबत आणली आहे. शिक्का व बुकातील गिरवलेली तारीख सारखी असल्याचे मॅडमनी कार्यालयाने पाठवलेल्या पानाच्या फोटोशी ताडून पाहिले आहे. तारेची प्रत ठेवावी, मूळ कागद मला परत द्यावा. या कामात गुन्हा होत असेल तर तो माझ्यावर घ्यावा. माझ्या पतीचे नाव त्यात येता कामा नये. पदक मिळेल न मिळेल, पण त्यांनी खाडाखोड केली असे कोणत्याही कागदात राहू नये. शिवा भोईरच्या हाती तर नाहीच नाही.

पती म्हणतात की त्यांचा दि. ९ चा जबाब बदलायचा आहे. मॅडमनी त्यांचा पुरवणी जबाब वेगळा घेण्याचे ठरवले असून दोन्ही जबाब व तारेची प्रत अभिलेख कार्यालयाकडे पाठवणार असल्याचे सांगितले.

माझा हा जबाब मॅडमनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'बुकात चुकीची तारीख काढली' असे लिहिले होते. त्यास मी हरकत घेतली. ती तारीख चुकीची नव्हती, ती तार आल्याची तारीख होती. मॅडमनी 'चुकीची' हा शब्द खोडून 'शिक्क्यातली' असे केले व खोडलेल्या जागेशेजारी माझी सही घेतली. सही कशासाठी, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, खोडले की शेजारी सही करायची, म्हणजे कोणी केले ते कळते, मग ती खाडाखोड राहत नाही.

हे मला माहीत नव्हते. माहीत असते तर त्या खंडेनवमीलाही केली असती. बाकी जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे.

सही – वेणू कमलाकर घरत

समक्ष – किशोरी ठोंबरे, महिला पोलीस हवालदार