मागणी नसलेलं कपाट

पुस्तकं वाचवण्याबद्दल मला कुणी शिकवू नका. बेंगळुरूच्या विद्यापीठात ग्रंथालयात लागले, तेव्हा मराठीचं एक कपाट रद्दीत निघालं होतं. का, तर दहा वर्षांत त्यातलं एकही पुस्तक कुणी नेलं नव्हतं.

मी मुख्य ग्रंथपालबाईंना म्हटलं, “पण अक्का, कपाटाला कुलूप आहे!”

“मग? उघडं ठेवलं तर मुलं नेतात गं.”

मी किल्ली मिळवली, ओळखीच्या मराठी विद्यार्थ्यांना बोलावलं आणि दुपारभरात सगळी पुस्तकं त्यांच्या नावांवर दिली. रद्दी टळली.

पुस्तकं परत आल्यावर अक्का रजिस्टर बघून थक्क झाल्या. “सरी, खरंच की, एवढी मागणी! मग ही जपायलाच हवीत.”

आता ती दुर्मिळ विभागात आहेत. वाचायला कुलगुरूंची सही लागते.