पोळपाटावरचा लॅपटॉप

—नाही नाही, दिवे नकोत. किबोर्डाखाली ते लाल-निळं चमकतं ना, ते मला अजिबात नको, आमच्याकडे गणपतीतसुद्धा एक साधी पिवळी माळ असते. मी काय विचारलं? तापतो का. आणि तुम्ही मला ग्राफिक्स कार्ड सांगताय. सुदेश ना तुमचं नाव? छातीवर लिहिलंय म्हणून म्हणते. तर सुदेश, मला तो उघडून नका दाखवू, उलटा करून दाखवा. खाली जाळी केवढी आहे बघू — एवढीच? आणि गरम हवा कुठून बाहेर पडते? उजव्या बाजूने? म्हणजे नेमकी माझ्या हातावर. नको, ठेवा तो. मागून हवा टाकणारा दाखवा.

हो, गेमसाठीच. भाच्याला हवाय. ते जुने टीव्हीवरचे गेम असायचे बघा — डबा टीव्हीला जोडायचा, त्यात सीडी घालायची, वायरवाले दोन रिमोट — ते आता लॅपटॉपवर चालवतात. इम्युलेटर. लॅपटॉपने आपणच तो डबा आहोत असं सोंग घ्यायचं. आणि सोंग आणायला मेहनत फार पडते, म्हणून प्रोसेसर तापतो, ते तुमचं ग्राफिक्स कार्ड बिचारं बसून असतं. तापला की आधी गेम संथ होतो, माणसं पाण्यातून चालल्यासारखी चालायला लागतात, आणि मग एकदम काळोख. — काय? भाच्यालाच का नाही आणलं? बरं. मला भाऊ नाही, बहीण नाही, भाचा कुठून आणू? माझ्यासाठीच हवाय. हसा, हसा. बँकेतून रिटायर झालेल्या बाईने भजनी मंडळातच जायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?

आधीचा होता ना. मुलाने ऑफिससाठी नवा घेतला तेव्हा जुना मला मिळाला. मी त्याला क्रोशाचं कव्हर केलेलं, मिक्सरला आहे तसंच. मिक्सरला आहे, टीव्हीला आहे, मग ह्यालाच उघडं का ठेवायचं? तर नीरजा म्हणाली, आई, तुम्ही त्याला थंडी वाजू नये म्हणून जपताय आणि तो गुदमरतोय. मग तिनेच पोळपाट आणला. पोळपाटाला खाली पाय असतात, लॅपटॉप वर ठेवला की खालून हवा खेळते. स्टँड कशाला विकत घ्यायचा? फक्त पोळ्या करायच्या आधी लॅपटॉप उचलायचा, एवढंच. बरीच वर्षं चालला तसा. — नीरजा म्हणजे माझी सून. होती. आहे काय आणि होती काय, कोर्टाने ठरवलं होती म्हणून.

ह्याला आवाज किती येतो? लावा बरं. हा जाड आहे, थंड राहील, पण पंखा ऐकू येत असणार. मला तो थंडही हवाय आणि त्याचा आवाजही नको. — दोन्ही एकदम मिळत नाही? ते मलाही कळतं हो, पण माझा सुश्रुत शेजारच्या खोलीत घरूनच काम करतो, दुपारी त्याच्या मीटिंगा असतात, आणि दार आमचं प्लायचं. त्याला वाटतं आई दुपारची झोपते. झोपलेल्या आईच्या खोलीतून घरघर आली तर — घोरते म्हणून सांगू? म्हणाल तर तेही चालेल, पण मी घोरत नाही.

आता विचारूच नका की गेम खेळते हे मुलाला का सांगत नाही. विचारलं नाहीत? तुमच्या चेहऱ्यावर आहे. अहो, एकटी खेळले असते तर त्याने काही म्हटलं नसतं. हा गेम एकट्याने होतच नाही. दोन टकली माणसं असतात, भिंती चढायच्या असतात. एकाने वाकायचं, दुसऱ्याने त्याच्या पाठीवर पाय देऊन वर जायचं आणि मग वरून पहिल्याला ओढून घ्यायचं. नीरजा लग्न होऊन आली तेव्हा तो डबा तिच्याबरोबर आला. इतर सुना मिक्सर आणतात. जेवणं आटोपली की आम्ही दोघी हॉलमध्ये. डबा बंद पडला, तेव्हा हे सोंगाचं सगळं तिनेच बसवून दिलं, आणि दोन लॅपटॉपवरून एकत्र कसं खेळायचं तेही. नेटवर आपली खोली उघडायची, खोलीला नाव द्यायचं. आमच्या खोलीचं नाव पोळपाट.

मग ते झालं त्यांचं. दोघंही चांगली आहेत, लिहून देते. सुश्रुतने मला स्वतःच्या गळ्याला हात लावून शपथ घातली, आई, तिच्याशी बोलायचं नाहीस, फोन करायचा नाही, तिच्याकडे जायचं नाही. आता मी काही शपथबिपथ मानत नाही. पण पोराने गळ्याला हात लावला की — तुम्हाला मुलं आहेत? होतील तेव्हा कळेल. म्हणून नंबर काढून टाकला. ती इथेच वर्तकनगरला राहते, तुमच्या दारातून रिक्षा केली तर आत्ता पोचेन. जाणार नाही. डोंबिवलीत दर दुसरा दुकानदार सुश्रुतच्या वर्गातला, म्हणून ठाण्याला आले, बाकी काही नाही. तर सांगत काय होते — एकदा दुपारी सहज गेम उघडला, तर यादीत खोली. पोळपाट. आता शपथ बोलायची नाही अशी आहे. खेळायचं नाही असं कोण म्हणालं? मी नीट आठवून बघितलं, तो तसं म्हणालाच नव्हता.

एक अक्षर बोलत नाही आम्ही. लिहीतही नाही. फक्त भिंती चढतो. घर सोडून गेली ना, तेव्हा चपला घालून म्हणाली, "जाते, आई." असं म्हणतात का हो घरातून निघताना? मी म्हटलं, अगं, येते म्हण. नाही म्हणाली. दार ओढून घेतलं. आणि आता खेळ संपला की तिचा टकल्या काही कारण नसताना दोनदा उडी मारतो. मला आधी वाटलं तिचं बटण अडकतंय. मग कळलं, येते म्हणतेय. तेव्हापासून मीही मारते. आणि हा मेला लॅपटॉप अर्ध्या भिंतीवर बंद पडला! ती वाकलेली, मी तिच्या पाठीवर, आणि काळोख. परत सुरूच झाला नाही. न सांगता गेल्यासारखं झालं माझं. तिला काय वाटलं असेल? कंटाळले? की आईने शेवटी मुलाचंच ऐकलं? आणि हे कळवायला मला काही साधन नाही. म्हणून विचारते, तापतो का.

हा जाड राहू द्या समोर. पेनड्राइव्ह आणलाय मी, गेम त्यात आहे. लावून बघते. तुमचं नेट द्या जरा — झालं. वेळही दुपारचीच आहे म्हणा, पण आता ती कशाला उघडून ठेवेल, इतके दिवस झाले, कोणी येत नाही म्हटल्यावर माणूस — थांबा.

आहे.

अहो, खोली आहे. पोळपाट. थांबा, हात नका लावू, मी आत जाते — बाई गं, केवढा हा पंखा! पिठाची गिरणी आहे का काय? — असू दे. बंद नका करू. ते बघा, भिंतीशी. वाकूनच उभी आहे.

हाच द्या. आवाज होऊ दे. सुश्रुतने विचारलं तर सांगेन. त्याच्याशी बोलायची नाही अशी शपथ मला कोणी घातलेली नाहीये.

तुम्ही आता जा बघू — जा नाही, या. त्या दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे बघून या. सावकाश या.