होडीचं मेण

लिहिण्यातल्या चुका सांभाळून घ्या. शाळा सातवीत सुटली, म्हणून बोलतो तसंच साधं लिहितो.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. कमरीपेठेतल्या एका खोलीत घरचे आम्ही सगळे, त्यात मी लाजरा. आठवडा झाला तरी नवराबायको एकमेकांशी बोललो नव्हतो.

तेव्हा मी उणकल तळ्यावर निंगप्पाअण्णांची गिऱ्हाईकं फिरवायची होडी साफ करत होतो. बुडाचं शेवाळ खरवडलं, काचकागदानं घासलं, मेण चोळून चमकवलं. अण्णा खूश होऊन म्हणाले, "पहिली फेरी तुम्हा दोघांची! संध्याकाळी घेऊन ये तिला."

तिची साडी अडकू नये म्हणून उरलेलं मेण मी बसायच्या फळ्यांनाही चोळलं.

मागच्या फळीवर ती त्या टोकाला बसली, मी या टोकाला. अण्णांनी वल्हं मारताच होडी कलली आणि ती सर्रकन माझ्यावर आदळली. सावरून परत गेली, तर होडी तिकडं कलली आणि मी तिच्या अंगावर!

"एनप्पा, काय रे हे, होडी चालवू का तुम्हाला धरू?" अण्णा कानडी हेलात ओरडले.

ती पदराआडून पहिल्यांदाच बोलली, "अहो, मेण होडी सरकायला लावलंत, का मी सरकायला?"

"दोन्हीला," मी म्हणालो. मग काठाला येईपर्यंत आम्ही बोलतच होतो.

उतरताना अण्णांनी बजावलं, "फळ्या घासून काढ, गिऱ्हाईक पाण्यात पडंल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या फळ्या गरम पाण्यानं, सोड्यानं घासल्या. मागची तेवढी आमच्या संध्याकाळच्या फेरीनंतर घासतो, असं अण्णांना सांगितलं.