सुजाताचा जन्मदाखला

तुम्ही हसता, पण त्या बाबूची आठवण आली की मले अजून राग येते. माही बायको सुजाता अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरची. मी तिकडं वायरमन होतो, तिथंच लग्न केलं अन् तिले लोणारले आणलं. तिचं नाव राशनकार्डात चढवाले आम्ही कचेरीत गेलो. ती तिसरी चक्कर होती.

बाबूनं जन्मदाखला उलटापालटा करून पाह्यला. "याच्यावर तिथल्या मुख्यमंत्री कार्यालयाचा शिक्का आणा."

सुजाता म्हणे, "आमच्याकडे मुख्यमंत्रीच नसते, साहेब. केंद्रशासित आहे. दिल्लीतून उपराज्यपाल नेमतात."

"मुख्यमंत्री नाही? मंग तो मुलूख आपल्या देशात तरी आहे का? तिकडचे लोक तं जंगलात बिनकपड्याचे राह्यतात म्हणे." असं म्हणून तो फिदीफिदी हसला.

मी टेबलावर हात आपटला. "तोंड सांभाळ बे!"

सुजातानं मले मागं ओढलं. "साहेब, माही आई निकोबारले नर्स होती. त्सुनामीत वाहून गेली. तवा मेलेल्यांच्या यादीत तिचं नाव भारत सरकारनंच लिवलं. मेल्यावर आम्ही या देशाचे, मंग जित्तेपणी काऊन नाही?"

बाबूनं मान वर न करता अर्ज घेतला अन् पावती लिहून दिली.

बाहेर येऊन वाचली, तं जन्मठिकाणापुढं लिवलेलं होतं, "पोर्ट ब्लेअर, श्रीलंका."

मी तोंड उघडायच्या आधीच सुजाता पायऱ्या चढून परत आत शिरली होती.