शिकायला आल्ये ती राहिल्ये

मी मूळची नेपाळची, पश्चिमेकडच्या डोंगरातली. नाव मनमाया, पण इथे सगळे मनू म्हणतात, तुम्हीही मनूच म्हणा. माझा बा, म्हणजे वडील, रत्नागिरीला आंब्याच्या बागेत राखणीला यायचा, आमच्याकडचे पुष्कळ पुरुष येतात ना तसाच, मोहोर धरला की यायचं, वांदर हाकायचे, रखवाली करायची आणि पाऊस लागला की परत. मी तिकडे दहावी झाल्ये तसा बा म्हणाला, चल माझ्याबरोबर, तिथे आंब्याचा रस डब्यात भरायचं शिकवतात, ते शिकून घे. त्याच्या मनात काय होतं सांगू तुम्हाला, आमच्या डोंगरात संत्री एवढी लागतात आणि रस्ता नाही म्हणून झाडाखाली कुजून जातात, तर पोरगी शिकून येईल, गावात रसाचा लहानसा कारखाना काढील, एवढंच. आईला, आम्ही आमा म्हणतो, तिला काही ते पटलं नव्हतं, पण तिने वाटेसाठी मका भाजून बांधून दिलान् आणि म्हणाली, शीक आणि ये.

रत्नागिरीच्या फाट्यावर, हातखंब्याला गाडीतून उतरलो तेव्हा दुकानांच्या पाट्या मला वाचता येत होत्या, अक्षरं तीच ना आमची, पण अर्थ एकीचा लागेल तर शपथ.

बाग हमीदभाईंची, गणपतीपुळ्याच्या वाटेवर, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळमाळावर. बा तिथे खोपटात राहायचा, मीही तिथेच राहणार होते, पण हमीदभाईंची बायको, खैरूनचाची, मला बघायला आली आणि हमीदभाईंना म्हणाली, पोर कातळावर राहून कसली शिकते, खाली रत्नागिरीत मांडवीला आपल्या घरी राहू दे. झालं, मी त्यांच्या घरची. काय सांगू तुम्हाला, त्या बाईने मला कधी परकी म्हणून वागवलंन् नाही, ईद असो नाहीतर आमचं दसैं, म्हणजे दसरा, माझं ताट वेगळं नसायचं. कॉलेजात परदेशातली म्हणून प्रवेशाला अडचण आली तर तिथले एक सर स्वतः हेलपाटे घालून ती सोडवून आले. वर्गातल्या पोरींनी मराठी शिकवलीनी, आणि उरलेली मासळीबाजारात आली. चार वर्षांत मी बांगड्यावरून अशी भांडायला लागल्ये की मासळीवाली म्हणायची, काय गो, खालच्या आळीची ना तू?

कोर्स संपला आणि इथल्याच एका कॅनिंगच्या फॅक्टरीत नोकरी लागली. आधी मी रसाचा नमुना तपासायला होते, मग रात्रपाळी, मग हळूहळू अख्खा विभाग माझ्याकडे आला. मला घरी जायला कोणी अडवलं नाही बघा, आणि कोणी पाठवलंही नाही. बाचे गुडघे गेले तसा तो यायचा बंद झाला. शेवटचा निघाला तेव्हा म्हणाला, मी खोली बांधून ठेवतो, दगडाची, तू ये. मी म्हटलं, हा सीझन होऊ दे. मग काय, सीझन झाला की मशिनं खोलायची, मग डबे मागवायचे, मग नवीन ऑर्डरी, आणि परत मोहोर. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिल्ये. मध्ये लग्नाकार्याला गेल्ये दोनदा, चार दिवस राहून परत आल्ये, माहेरवाशिणीसारखी, लग्न न होता.

गेल्या हिवाळ्यात मात्र लांब रजा टाकली. चाचीला सांगितलं, बघत्ये जमतंय का तिकडेच राहायला. चाची डबे भरायला लागली, लाडू, कोकमाची सोलं, सुका बांगडा, आणि बांधताना तोंड फिरवून उभी राहिली.

तर गेल्ये. संत्री लागलेली होती, झाडं नुसती पिवळी. पण आता रस्ता झालाय आमच्याकडे, व्यापारी टेम्पो घेऊन येतो आणि झाडावरूनच माल उचलतो, कुजायला काही उरतच नाही. बाने खोली खरंच बांधलीन् होती, दगडाची, वर पत्रा, आत भावाच्या शेळ्या. बा म्हणाला, रिकामी कशाला ठेवायची. रागाने नाही हो, साधं म्हणाला.

ते एक वेळ चालेल. पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी चुलीपाशी बसले होते, आमा भात वाढत होती. आता बघा, आमच्यात तू म्हणायला दोन शब्द आहेत, एक तँ, अगदी पोटच्या पोराला म्हणतात तो, आणि एक तिमी, तो जरा जपून, पाव्हण्याला चालेल असा. आमाने जन्मभर मला तँ म्हटलंन्. त्या दिवशी वाढता वाढता तिने विचारलंन्, तिमी कधी जाणार परत?

मी म्हटलं, आमा, मी राहायला आल्ये. माझं नेपाळी पण आता अडखळतं, मध्येच मराठी शब्द येतो. ती म्हणाली, तुझं काम तिकडे आहे ना. आणि भात आणखी वाढलान्, आधी मला, मग बाला. आमच्या घरी आधी पाव्हण्याला वाढतात.

महिनाभर राहिल्ये, मला शेतात कोणी जाऊ दिलं नाही, हात खराब होतील म्हणाले. मग आल्ये परत. आमा रस्त्यापर्यंत आली होती, माझी पिशवी तिने वहिनीकडे दिलीन् उचलायला.

आता रोज फोन करत्ये. आमा विचारते, तिथे माणसं आहेत ना तुझी? मी म्हणत्ये, आहेत, खूप आहेत. खोटं नाही ते. तुम्ही लिहाल ते लिहा, पण चाचीला वाईट वाटेल असं काही घालू नका, तिचं वय झालंय आता, तिचा हात धरून मांडवीच्या पुळणीवर, समुद्राच्या वाळूत फिरवायला मीच नेत्ये. या गावाने मला घेतलंन्, देव त्याचं भलं करो. आमाला म्हणत्ये, हिवाळ्यात येईन. ती म्हणते, ये हं, आधी कळव, म्हणजे बिछाना उन्हात घालून ठेवते.