लोखंडाला घाम

थंडीची सकाळ. बारामती–इंदापूर एसटीत उन्हाची खिडकी एका आजीनं धरली होती. शेजारी सुट्टीवर आलेला फौजी.

"आमचं मालक बी फौजंत व्हतं. एसएलआर रायफल उशाला घिऊन निजायचं म्हनं. तुमी बी तसंच का?"

"न्हाय आजी, आमी बर्फात असतो. रायफल तंबूच्या उबंला आणली की लोखंडाला घाम सुटतो. बाहेर नेली की त्यो गोठतो, मग ती चालत न्हाय."

"लोखंडाला घाम?"

"व्हय. म्हनून तिला बाहेर गारठ्यातच ठेवायची."

"आन् तिच्यापाशी कोन?"

"पाळीनं एकेक जण. उघडं बोट लागलं तर कातडं चिकटून निघतं."

आजी पिशवी घेऊन जागेवरून उठली.

"ऊठ बाबा, हिकडं खिडकीत ये."

"आवो, बसा की तुमी."

"मला सणसरला उतरायचंय. तू आत्तापासनंच ऊन खा."