भाऊजींच्या अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण

उघडतो हो, उघडतो — नाही कुठं म्हटलं मी? कंपनीच्या माणसाला आतल्या बोर्डाचा फोटो हवाय ना, नंबर दिसेल असा — देतो की काढून. पण भाऊजी, आल्या आल्या स्क्रू? बसा जरा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो, इकडे बसा. ताई बरी आहे ना? आणि हे एवढं धूड तुम्ही एकट्यानं उचलून आणलंत, या वयात, उद्या कंबर धरली म्हणजे ताई मलाच बोलणार. खरखरतो म्हणालात — आवाज वाढवताना, डावीकडून. अहो, त्या बटणाच्या आत धूळ बसलीय, दोन थेंब औषध सोडलं की झालं. त्यासाठी कंपनी कशाला मध्ये? ठेवून जा तुम्ही, संध्याकाळी न्या, आणि फोटोची काय घाई आहे. काय? समोरच उघडायचंय. बरं. तुमचाच आहे, तुम्ही म्हणाल तसं.

मी वाद घालत नाहीये हं, मी पडलो दुरुस्तीवाला, माझी अक्कल ती किती — पण तुम्ही नेहमी म्हणता ना, कंपनीचा माल आणि घरी जुळवलेला डबा यांतला फरक कानाला कळतो — कळतो? ती तुमची स्पीकरची वायर, अंगठ्याएवढी जाड, तिच्यावर बाण काढलाय, आवाजानं कुठून कुठं जायचं ते दाखवायला. वीज काय वाट चुकणार आहे? आणि ते लाकडाचे ठोकळे, वायर फरशीला टेकू नये म्हणून — ताई रोज फरशी पुसताना ते उचलते आणि हाताला येतील तसे ठेवते, कधी उलटे, कधी आडवे, एकदा तर एक ठोकळा तिनं दाराला अडकण म्हणून लावला होता आठवडाभर. आवाजात काही वेगळं आलं तुम्हाला ऐकू? नाही आलं. तिनंच सांगितलं, पोट धरून हसत होती. पण पत्रा जाड आहे, ते मानलं मी, आणि समोरची ही पट्टी, हे बटण — कसं लोण्यात फिरल्यासारखं फिरतं. पैसे इथं लागलेत. आत काय असतं? एक ट्रान्सफॉर्मर आणि मूठभर सुटे भाग, पिशवीत घालून आणता येतात.

तुमच्या लग्नात मी एक अ‍ॅम्प्लिफायर दिला होता, हातानं केलेला — आठवतो? नसेल आठवत. तीन महिने बसलो होतो त्याच्यावर, पत्रा कापताना बोट कापलं, ही खूण बघा, अजून आहे. तुम्ही म्हणालात 'वा', आणि तो गेला माळ्यावर. एकदाही वायर लावली नाहीत. राग? छे, राग कसला, बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं आणि चार महिने. अहो, तारीख लक्षात राहते माणसाच्या, म्हणून काही राग नसतो.

हा स्क्रू तेवढा पांढरा का, म्हणता? बाकीचे काळे आहेत खरे. मूळचा माझ्याकडून हरवला — मागे तुम्ही दुरुस्तीला आणला होतात ना, आठ वर्षांपूर्वी, तेव्हा. थांबा, वाकू नका, सावलीत काही दिसत नाही. भाऊजी, झाकण निघालंच आहे, तर ऐका. नंबर शोधू नका. नंबर नाही त्याच्यावर. हा कंपनीचा बोर्ड नव्हे. त्यांचा जळला. जळला म्हणजे मी जाळला — यंत्र चालू ठेवून आत मोजत होतो, हात घसरला, फट् झालं आणि धूर. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर सांगून मोकळा झालो असतो. पण तुम्ही म्हणाला असतात, तरी मी सांगत होतो, असल्या वस्तू याच्या हातात द्यायच्या नसतात. ते मला ऐकायचं नव्हतं, मेलो असतो तरी नव्हतं. म्हणून दुसरा बसवला. कुठला दुसरा? माळ्यावरचा. तुमच्या लग्नातला. नवीन भोकं पाडून बसवला, ताईनंच काढून दिला — म्हणजे, हो, ताईला माहीत आहे. हे मला बोलायचं नव्हतं. तिला काही म्हणू नका, तिनं माझ्यासाठी केलं.

आणि तुम्ही काय केलंत? घरी नेऊन लावलात आणि लगेच मला फोन — दुरुस्तीनंतर आवाज खुललाय, याला म्हणतात कंपनीचा माल. आठ वर्षं येईल त्या पाहुण्याला ऐकवता, मलाही बसवता, डोळे मिटायला लावता. मी मिटतो. खरं सांगू? लाज वाटते, पण सांगतो — तुमच्या हॉलमध्ये, या जाड पट्टीमागं, मलासुद्धा तो भारी वाटतो. इथं टेबलावर उघडा वाजायचा तेव्हा वाटायचं, काहीतरी कमी आहे यात. एकेक टाका माझ्या हातचा, आणि तरी. म्हणजे माझे कान तरी कुठले शहाणे? पण तुम्ही डोळे मिटून मान हलवत बसलात की बरं वाटायचं. फार बरं वाटायचं. ताईला भेटायला जातो असं घरी सांगायचो, यायचो ते त्यासाठी.

फोन खिशात ठेवलात? बरं केलंत, असला फोटो पाठवला असतात तर तिथं सगळे हसले असते — मला नाही, मला कोण ओळखतं. शिव्या घाला, मेहुणा आहे, हक्क आहे तुमचा. बरं, थांबा, आलाच आहात तर बटण साफ करून देतो — हे औषध, हे दोन थेंब, फिरवा बटण, अजून फिरवा. आता तुमचं रोजचं गाणं लावतो. मिटा डोळे. गेली ना खरखर? गेली. मग, कसा वाटतो?

काय? बोचतो? कानाला बोचतो? आत्ता? अहो, कालच तर तुमच्या साहेबांना बसवून ऐकवलात, ताई सांगत होती, दोनदा ऐकवलात. काल नव्हता बोचत?

बरं. बंद करतो. झाकण लावून देतो, चारही स्क्रू काळे लावतो. नाही, पैसे नकोत. उचलायला हात लावू? नको म्हणता, तर नको. मलाही कामं पडलीत. जाताना दार तेवढं ओढून घ्या.